भुकेला मणी

मद्रास
१४ डिसेंबर १९५८

प्रिय अक्का,

परवा सकाळी सुखरूप पोहोचलो. मंगै बरी आहे. तिसरा महिना लागलाय, दिवसभर चिंचेचे बुटुक चोखत असते, एवढंच.

अप्पांच्या सोळाव्या दिवसाच्या विधीच्या गर्दीत तुझ्याशी दोन गोष्टी बोलायच्या राहिल्या. रागावणार नसशील तर लिहितो.

पहिली म्हणजे अप्पांचा रसमणी. पेटीत बघितला, नव्हता. मी तार मिळून पोहोचलो तेव्हा अप्पांना बसवून पुरून एक दिवस झाला होता. त्यांचं तोंड मला दिसलं नाही, हे मला आयुष्यभर सलणार आहे. निदान त्यांच्या गळ्यातला मणी तरी माझ्याकडे असावा. मणी आणि मी एकाच वर्षातले, असं अम्मा म्हणायची. माझा त्या पाऱ्याच्या गोळीवर विश्वास नाही, मी पोरांना रसायनशास्त्र शिकवतो. तरी ती मला हवी आहे. तिच्याबरोबर अम्माची ती चांदीची बांगडीही पाठव. सोन्याच्या बांगड्यांत ती मुद्दाम घालायची आणि बायका हसायच्या, की अगं मीनाक्षी, चांदी पायात घालतात. मंगैला ती द्यावी असं मनात आहे.

दुसरी गोष्ट चित्तप्पांची. काका म्हणून त्यांना बोलायचा हक्क आहे, आणि त्यांचं म्हणणं चुकीचंही नाही. तै पूसमच्या जत्रेला कावडी घेऊन येणाऱ्यांना उतरायला जागा नसते. वैद्यशाळेच्या समोरच्या खोल्या आणि भट्टीचं आवार त्यांच्यासाठी द्यावं, असं ते म्हणतात. तू एकटी बाई भट्टी किती दिवस फुंकणार? इथे ये, आमच्याजवळ राहा.

मणी ज्याच्या हाती, वैद्यशाळेचा पाट त्याचा, असं अप्पाच म्हणायचे. वर्षतिथीला सगळे जमतील. आडी कृत्तिकेच्या सणाला अप्पा करायचे तसं मी मणी काढून अम्माच्या सोन्याच्या बांगडीवर ठेवेन, पूजेपासून पंगत उठेपर्यंत. बांगडी पिवळीच राहिली की मणी खरा, हे सगळ्यांना दाखवेन. आणि मग काय ते ठरवू.

तुझा,
संबंधम

•

शण्मुगनदीकाठ, पळनी
मार्गळीचा आठवा दिवस (तुझ्यासाठी: २२ डिसेंबर)

तंबी संबंधम,

तुझं पत्र आलं. पाकिटावर तू अजून "वैद्यर शिवज्ञानम" असंच लिहितोस. पोस्टमन आरोक्यम दारात उभा राहून विचारतो, "अक्का, मेलेल्या माणसाला मद्रासहून कोण पत्रं लिहितंय?" मी म्हटलं, माझा तंबी आहे, धाकटा भाऊ, शिकलेला माणूस, त्याला बातमी उशिरा कळते. पत्राच्या डोक्यावर पिळ्ळैयारची, गणपतीची, खूण काढायलाही विसरलास. हातात खडू आला की देव सुटतो वाटतं.

चित्तप्पांना सांग, भट्टी मी फुंकत नाही, पेटवते. विसाव्या वर्षापासून पेटवते. गेली पाच वर्षं अप्पांचे हात थरथरायचे, तेव्हा मुशीत काय गेलं, किती गेलं आणि कोणाच्या हातांनी गेलं, ते त्यांनी कधी विचारलं नाही. आज सकाळपासून अकरा माणसं येऊन गेली. वैद्य कुठे गेले म्हणून त्यांतला एकही परत फिरला नाही.

तुला आठवतं का, अप्पा आपल्याला बोटांवर धातू शिकवायचे? अंगठा पारा, म्हणजे शिव. त्याच्या शेजारी गंधक, म्हणजे देवी, तिच्याशिवाय तो एका जागी ठरत नाही. तांबं मुरुगनचं, शिवाच्या पोराचं, तेज. शिसं नागाचं. चांदी चंद्राची. लोखंड म्हणजे मेलेल्या असुरांची हाडं. इथे तू हसायचास आणि अप्पा कान धरायचे. शेवटी सोनं, अग्नीचं. आणि मग विचारायचे, "शिव एवढा मोठा, मग तो पळतो का?" मी म्हणायचे, भुकेला आहे म्हणून. तू म्हणायचास, जमीन उतरती आहे म्हणून. अप्पा दोघांनाही एकेक खडीसाखर द्यायचे.

मणी पोंगलनंतर येईल. बांगडीचं पुढे बघू. मद्रासला यायचं म्हणतोस, पण तिथे माझा खल ठेवायला तुझ्या घरात जागा आहे का? मंगैला चिंच कमी दे, आवळा दे.

तुझी अक्का,
विशालाक्षी

•

पळनी
तैचा सहावा दिवस (१९ जानेवारी १९५९)

तंबी,

रजिस्टर डब्यात कापसात गुंडाळून मणी पाठवला आहे. सोन्यापासून लांब ठेव. खणात ठेव, कपाटात ठेव, मनात असेल तर पूजेत ठेव. अंगावर घालू नकोस.

पोंगलला तुझ्या वाटणीचा ऊस गाईने खाल्ला.

विशालाक्षी

•

मद्रास
९ फेब्रुवारी १९५९

अक्का,

तू अंगावर घालू नकोस म्हणालीस. मी घातला नाही. मंगैला घातला. हो, मीच. वर्गात पोरांना पाऱ्याची वाफ किती वाईट ते शिकवतो, आणि घरी येऊन गरोदर बायकोच्या गळ्यात बापाचा मणी बांधतो. तिला घाबरल्यासारखं व्हायचं, दचकून उठायची. मला वाटलं, अप्पा जवळ असले तर बरं. अप्पांनी तीस वर्षं तो मणी सोन्याच्या साखळीत घातला होता, त्यामुळे तू सोन्याचं लिहिलेलं मी वाचून सोडून दिलं.

आठ दिवसांत तिची ताली पांढरी झाली. लग्नात मी गळ्यात बांधलेलं तिचं सौभाग्य, सोन्याची ताली, अक्का! आधी कडेला डाग पडला, मग सगळीच राखेसारखी झाली. सासूबाईंनी बघितलं आणि खाली बसल्या. पोटात पोर असताना ताली पांढरी पडली म्हणजे जावयाचं काही खरं नाही, असं त्यांनी शेजारच्या तीन घरांत सांगून टाकलंय. मी सांगतोय, प्रयोगशाळेत नेऊन तापवतो, पारा उडून जाईल, सोनं परत पिवळं होईल. माझं कोण ऐकतंय!

माझ्या मृत्यूची मला भीती नाही. मला भीती दुसरीच आहे. अप्पांचा मणी सोन्याला शिवायचाही नाही. हा खातो. मी साध्या शब्दांत विचारतो, साध्या शब्दांत उत्तर दे: हा अप्पांचा मणी आहे का?

संबंधम

•

पळनी
मासीचा दुसरा दिवस (१३ फेब्रुवारी)

संबंधम,

पुढे वाचायच्या आधी उठ आणि मंगैच्या गळ्यातून तो मणी काढ. काढलास? तिला आंघोळ घाल, ती साडी धुवायला टाक, मणी झाकणाच्या बाटलीत भरून घराबाहेर ठेव. आता वाच. मूर्खा, रसमणी हा काय जत्रेतला ताईत आहे, पोटुशी बाईच्या गळ्यात अडकवायला? तो घालणाऱ्याला आधी मंडल करावं लागतं, अठ्ठेचाळीस दिवसांचं व्रत. हे तू चौथीत असताना तुला पाठ होतं.

आता साधं उत्तर. नाही. तो अप्पांचा मणी नाही. माझा आहे.

अप्पांचा मणी अप्पांच्या तोंडात आहे. शेवटच्या दिवशी त्यांनीच साखळीतून काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाले, "जीभ थांबली की हा तिच्यावर ठेव. दोघं एकदमच गप्प होऊ." बसवल्यावर मी ठेवला. चित्तप्पांना कळलं असतं तर त्यांनी समाधी उकरली असती, तूही ओळखतोस त्यांना. तुला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण तुझं पत्र आलं त्यात मणी आणि पाट एकाच ओळीत होते, आणि मला राग आला. आणि खरं सांगायचं तर मला बघायचं होतं, माझ्या हातचा मणी अप्पांचा म्हणून चालतो का.

चालला नाही. का ते तुझं पत्र वाचल्यावर मी मोजून काढलं. ऐप्पसीत, दिवाळीच्या आधी, मी नवा मणी करायला माझं मंडल सुरू केलं होतं. अप्पा समोर बसायचे, मी मुक्याने पारा घोटायचे. मोरचुदातून तांबं खाऊ घातलं. मोर मुरुगनचा, तांबंही त्याचंच, पारा पोराला बघून थोडा शांत होतो. मग चांदी. सोनं शेवटच्या दिवसांत थोडं थोडं. सत्ताविसाव्या दिवशी अप्पा गेले. सोळा दिवस विटाळ, खलाला कुणी हात लावायचा नाही. विटाळ फिटला आणि मी अठ्ठाविसाव्यापासून पुढे मोजायला लागले. पहिल्यापासून सुरू करायला हवं होतं. मला घाई होती, तुला मणी पाठवायचा होता. सोनं त्याच्या पोटात पूर्ण गेलंच नाही. बाहेरून घट्ट, आतून भुकेला. मग त्याला पहिलं सोनं दिसलं ते मंगैच्या गळ्यातलं.

चूक माझी आहे. पाऱ्याची नाही.

मंगैला सांग, सोनं मेलेलं नाही. शिवाने अग्नीला तोंडात धरलंय एवढंच. विस्तव दाखवला की सोडतो.

विशालाक्षी

•

मद्रास
२५ फेब्रुवारी १९५९

अक्का,

मणी त्याच दिवशी काढला. मंगै आणि पोटातलं दोघं ठीक आहेत, डॉक्टरांना दाखवलं.

चित्तप्पांना मी काही सांगणार नाही. पण तू मला फसवलंस. अप्पांचं तोंड मला दिसलं नाही म्हणून मी मणी मागितला होता, आणि तू मला तुझी परीक्षा बघायला दुसराच पाठवलास. हे मी लवकर विसरणार नाही.

तुझा मणी मी तपासला. पारा, तांबं, चांदी, सोनं किंचित. तुमची भूक म्हणजे आमचा मोकळा पारा, बाकी काही नाही. ज्या धातूंत तो अजून जखडला गेला नाही तेवढा बाहेर येतो आणि सोन्यावर चढतो.

तिथीला काय करायचं ते आता मी ठरवतो. तू नवा मणी बांधून तयार कर. तो तुझा म्हणून सगळ्यांसमोर ठेव. सोनं पिवळं राहिलं तर पाट तुझा, चित्तप्पांची समजूत मी घालेन. पांढरं पडलं तर आवार कावडीवाल्यांना, आणि तू मद्रासला. मी तुझ्या बाजूने एक शब्द बोलणार नाही.

संबंधम

•

मद्रास
२२ मार्च १९५९

अक्कांना नमस्कार,

मी मंगैयर्करसी. मी तुम्हांला याआधी कधी पत्र लिहिलं नाही, तुमच्या तंबींनी लिहिलेल्या पत्राच्या खाली दोन ओळी जोडायचे तेवढंच. आज त्यांना न विचारता लिहिते आहे. विचारलं असतं तर "थांब" म्हणाले असते.

ते महिनाभर गप्प आहेत. कॉलेजात जातात, येतात, ताटावर बसतात. काल रसम ओतताना मला म्हणाले, "अक्काने त्यांच्या तोंडात मणी ठेवला. मी असतो तर मला जमलं नसतं." आणि रडले. म्हणजे राग गेलेला आहे, फक्त तो गेलाय हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. तुम्ही तर सांगू नकाच.

या डब्यात दोन वस्तू आहेत. एक तुमचा मणी. दुसरी माझी ताली. दचकू नका. गळ्यात हळकुंडाचा दोरा बांधलाय, माझ्या आजीने सात वर्षं तोच घातला होता आणि आजोबा ठणठणीत होते. आई म्हणते भट्टीत घालून ताली पिवळी कर. हे म्हणतात प्रयोगशाळेत देतो. मी दोघांनाही नाही म्हणाले. त्या मण्याने माझं सोनं अर्धवट खाल्लंय. अर्धवट जेवलेल्या माणसाच्या पुढचं पान मी ओढून घेत नाही. त्याला पोटभर खाऊ घाला. उरलेलं सोनं दुसऱ्या कुणाचं नको.

यांनी घातलेली अट मला आवडलेली नाही. पण तुम्ही ती जिंकणार आहात, म्हणून मी वाद घातला नाही.

तुमची,
मंगै

•

पळनी
चित्तिरैचा अठ्ठाविसावा दिवस (११ मे १९५९)

मंगै,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग अप्पांच्या समाधीपाशी जाऊन त्यांना वाचून दाखवलं.

आज मंडलाचा पहिला दिवस. विटेच्या पुडीत पारा घासून घासून त्याची सात वस्त्रं उतरवली. अप्पा त्यांना सापाची कात म्हणायचे. आपल्यालाही तेवढीच असतात, फक्त आपण विटेने घासून घेत नाही. उद्यापासून सूर्य उगवल्यापासून जेवणापर्यंत मी बोलणार नाही. रोगी येतात ते सगळं बोटांनी सांगतात, मला सवय आहे. आरोक्यम मात्र माझ्या मुकेपणाचा फायदा घेऊन तासभर गावच्या बातम्या देत बसतो.

तुझी ताली सोनार आसारीकडून कानसून बारीक पूड करून आणली. त्याला म्हटलं नाही कशासाठी. रोज पाव गुंज. मी पाऱ्याला सांगितलंय, हे मंगैच्या गळ्यातलं आहे, नीट खा.

नवऱ्याला सांग, त्याचं "मोकळा पारा" मला पटलं. अप्पा मनाला तेच म्हणायचे. जे कुठेही जोडलं गेलेलं नाही ते दिसेल त्या सोन्याला जाऊन चिकटतं. सोनं पोटात गेलं की त्याचा सोन्याचा हव्यास संपतो, मग शेजारी ठेवलं तरी तो ढुंकून बघत नाही. हा त्याचा मोक्ष. तुझ्या नवऱ्याच्या वहीत यासाठी काय शब्द आहे ते विचार, मी माझ्या वहीत लिहून ठेवते.

विशालाक्षी

•

मद्रास
२९ जून १९५९

अक्का,

मुलगी झाली. मंगै उत्तम आहे, मुलगी गोरी नाही पण आवाज तुझा आहे.

एक कबूल करायचं आहे. ती वीस तारखेला झाली. बाळंतपणाचा विटाळ तुलाही लागतो, मग खल बंद करावा लागेल, हे मला आठवलं. मंगै म्हणाली, "तुमच्या अक्कांचा आज एकेचाळिसावा दिवस आहे. आठ दिवस पत्र टाकू नका. बातमी कळल्यापासून विटाळ, असंच शास्त्र आहे ना?" मी आठवडाभर लिहिलेली तार न पाठवता कनवटीला लावून फिरलो. म्हणजे तुझं मंडल परवा, सत्तावीसला पुरं झालं असणार. अभिनंदन.

मी तुझ्या बाजूने एक शब्द बोलणार नाही असं लिहिलं होतं. बोललो नाहीच. गप्प राहिलो.

संबंधम

•

पळनी
आनीचा एकोणिसावा दिवस (३ जुलै १९५९)

तंबी,

पोरीला माझे मुके. तिचं नाव ठेवण्याआधी मला विचारलं नाहीस तर पळनीच्या पायऱ्या उतरून मद्रासला चालत येईन.

मणी सत्तावीस तारखेला कापडातून काढला. सुरेख निघाला. वाटोळा, जड, चकचकीत, वाजवला तर दगडासारखा. अप्पांचा असा नव्हता असं क्षणभर वाटून गेलं, इतका सुरेख. चार दिवस तो मी पदराला बांधून फिरले. मग तुझं पत्र आलं.

शास्त्राची सूट आहे हे मला माहीत आहे. कळल्यापासून विटाळ. मला कळलं नव्हतं, कुणी काही म्हणालं नसतं, तुझी आणि मंगैची माया मी जन्मभर विसरणार नाही. पण पाऱ्याला तार लागत नाही रे. वीस तारखेला आपल्या घरात माणूस जन्मलं, ते त्याला समजलं असणार.

विटाळात खलाला हात लावता येत नाही, म्हणून मणी दगडावर फोडला. तुझ्या पोरीने माझे अठ्ठेचाळीस दिवस खाल्ले, आणि मी मोठ्या आनंदाने दिले. विटाळ फिटला की पहिल्यापासून.

मंगैला सांग, तिची माया कमी आहे म्हणून नाही. तिचं सोनं वाया जाऊ नये म्हणून.

विशालाक्षी

•

मद्रास
२० डिसेंबर १९५९

वैद्यर विशालाक्षी यांना सादर नमस्कार.

पाकिटावरही तेच नाव घातलं आहे. आरोक्यमला आता प्रश्न पडायला नको.

तिथीच्या गडबडीत तू रोगी बघत बसलीस आणि आम्हाला गाडी पकडायची होती, म्हणून जे बोलायचं राहिलं ते लिहितो. त्या दिवशी सकाळी मला वाटत होतं, मणी हरावा. खरं सांगतो. तू मद्रासला आली असतीस, आम्हाला सोबत झाली असती. चित्तप्पा तांबूल चघळत मांडी घालून बसले होते, नजर बांगडीवर. तू मणी आणलास, कापड सोडलंस आणि अम्माची सोन्याची बांगडी पुढे ओढलीस.

आणि मंगै उठली. काखेत पोर, गळ्यात नवी ताली, दिवाळीला मी घेतलेली. बांगडी तिने बाजूला सारली. ताली दोऱ्यासकट काढायला लागली तेव्हा तिची आई ओरडली. मंगै म्हणाली, "अम्मा, गप्प बैस. जेवून उठलेला माणूस पुन्हा पानावर बसत नाही." ताली पाटावर ठेवली, तिच्यावर तुझा मणी ठेवला, गळ्यात हळकुंडाचा दोरा अडकवला आणि वाढायला गेली. तू काय केलंस? तू भाताची परात उचललीस आणि तिच्या मागे गेलीस. एकदाही वळून बघितलं नाहीस.

मी मात्र जेवलो नाही. पानावर बसलो आणि तालीकडे बघत राहिलो. मोकळा पारा, मोकळा पारा, असं मनात म्हणत होतो. पंगत उठली. चित्तप्पांनी स्वतः मणी उचलला, ताली उन्हात धरली, उलटी केली, नखाने घासली. पिवळी होती. तिच्यावर डागसुद्धा नव्हता. चित्तप्पांनी ताली पाटावर परत ठेवली. मग म्हणाले, "कावडीवाले माझ्या गोठ्यात उतरतील." आणि पान मागवलं.

अक्का, मला एक विचारायचं आहे. तू इतकी निर्धास्त कशी होतीस? तुझी एकदा चूक झाली होती. अप्पांची ती कधीच झाली नाही. त्यांच्या मण्याने तीस वर्षांत एकदाही सोन्याला तोंड लावलं नाही. तुझ्या जागी मी असतो तर पाटापासून हललो नसतो.

मुलगी आता पालथी पडते.

संबंधम

•

पळनी
तैचा चौथा दिवस (१८ जानेवारी १९६०)

तंबी,

पोंगलचा ऊस या वर्षी गाईपासून वाचवला, पाठवते आहे.

त्याच्याबरोबर अम्माची चांदीची बांगडी पाठवते आहे. वर्षापूर्वी तू मागितलीस तेव्हा दिली नाही. तेव्हा दिली असती तर मला एक गोष्ट सांगावी लागली असती, आणि ती सांगून मी माझी चूक अप्पांच्या मागे लपवली, असं झालं असतं. आता माझा मणी झाला, आता सांगायला हरकत नाही.

अप्पा त्यांच्या मंडलाच्या चाळिसाव्या दिवशी खल घोटत होते तेव्हा आतल्या खोलीत तू जन्मलास. घरात विटाळ, खल बंद. विटाळ फिटल्यावर ते एकेचाळिसाव्यापासून मोजायला लागले. त्यांनाही घाई होती, पहिल्या मुलग्याच्या, महिन्याने ठरलेल्या बारशाला मणी दाखवायचा होता. बारशाला सगळं गाव जमलं. अप्पांनी मणी अम्माच्या सोन्याच्या बांगडीवर ठेवला. पंगत उठायच्या आधी बांगडी पांढरी झाली.

अम्मा पटकन पुढे झाली, बांगडी हातात घातली आणि म्हणाली, "ही तर माझी चांदीची, चुकून ठेवली होती." बायका हसल्या. मण्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. दुसऱ्या दिवशी अप्पांनी पहिल्यापासून सुरू केलं. नंतर आयुष्यभर ते म्हणत राहिले, बांगडी दे, तापवतो, पिवळी होईल. तिने दिली नाही. लोक हसत राहिले, ती घालत राहिली. जाण्याआधी तिने मला सांगितलं, आणि मला बजावलं की मुलाला वेळ आल्यावर सांग.

म्हणून मी निर्धास्त होते. आपल्या घरात मणी पहिल्या वेळी कुणाचाच झालेला नाही.

तुझ्या प्रयोगशाळेत नेशील तर घटकाभरात सोनं परत येईल, तुझं शास्त्र खोटं नाही. तोवर जाड कापडात गुंडाळून ठेव, पोरीच्या तोंडात जाऊ देऊ नकोस. पण तापवायची की नाही ते तू ठरवू नकोस. मंगैच्या हातात दे आणि बाजूला हो.

वैद्यर विशालाक्षी